तुम्ही विचारलंत म्हणून: सध्या काय वाचताय?

लग्नाच्या पंगतीत असो नाहीतर ऑफिसात डबा खाताना, लोक मला हमखास विचारतात, "सध्या काय वाचताय? एखादं चांगलं सांगा की." मी नाव सांगते. मग पुढचं ठरलेलं, "अहो, पण परवा तर तुमच्या हातात 'रुचिरा' होती. त्याआधी ते अंतराळातलं काहीतरी. तुमची नक्की आवड तरी कोणती?" तर तुम्ही विचारलंत म्हणून एकदाचं सविस्तर सांगते.

मी हिशेबखात्यात नोकरी करते. दिवसभर बिलं, व्हाउचरं, कोणी कुठे किती खर्च केला आणि पावती का जोडली नाही, हेच. त्यामुळे असेल, पण पुस्तक कुठल्याही प्रकारचं असो, यातल्या माणसांचं घर कशावर चालतं हे मला आधी कळायला लागतं. नायक तीनशे पानं खिडकीतून पाऊस बघत उदास बसलाय आणि दूधवाल्याचे पैसे कोण देतं याचा पत्ताच नाही, असं झालं की त्या उदासीवरचाही माझा विश्वास उडतो.

म्हणूनच इतक्यात वाचलेल्यांत सगळ्यात वर आहे विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास'. लोक तो झाशीच्या राणीसाठी वाचतात. मी त्यातल्या कर्जापाशीच अडकले. पेणजवळच्या वरसईचा हा भिक्षुक. डोक्यावर कर्ज, घरात खाणारी तोंडं. बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, दक्षिणाही तशीच मोठी मिळणार, अशी बातमी कोकणात येते आणि हे गृहस्थ काकांना बरोबर घेऊन १८५७ साली उत्तरेची वाट धरतात. देशकार्य वगैरे डोक्यात काही नाही. आणि वाटेत बंड पेटतं! पुढे झाशीला वेढा पडतो तेव्हा भटजी शहरातच अडकलेले. जे काही मिळवलं होतं ते लुटीत जातं.

काल्पीच्या वाटेवरचा विहिरीचा प्रसंग तर कितीतरी जणांना माहीत असेल. झाशी सोडून आलेली राणी धुळीनं माखलेली, तहानेनं कासावीस. भटजी पाणी काढून द्यायला पुढे होतात. ती म्हणते, तुम्ही विद्वान ब्राह्मण, तुम्ही माझ्यासाठी पाणी काढू नका. स्वतः मडकं सोडून पाणी काढते आणि ओंजळीनं पिते. मग जे बोलते त्याचा मतलब असा, की मी काय, अर्धा शेर तांदळाची धनीण, मला विधवेला हा सगळा उद्योग करायची काय गरज होती? राज्य, तोफा, वेढा, एवढं सगळं होऊन गेल्यावर ती बाई आपल्या गरजेचा हिशेब अर्ध्या शेरात मांडते. त्या पानावर मी बराच वेळ होते. एवढं नेमकं माप असलेलं वाक्य तुम्हाला ऐतिहासिक कादंबऱ्यांत सहसा सापडायचं नाही. तिथे राण्या भाषणं करतात.

आणि शेवट? पैशाच्या बाजूनं खातं जवळजवळ कोरं. खांद्यावर गंगेची कावड घेऊन माणूस घरी परत येतो आणि त्या पाण्यानं आईवडिलांना स्नान घालतो. कर्जासाठी बाहेर पडलेल्या माणसाचा हा ताळेबंद मला अजून नीट लावता आलेला नाही.

उद्धव शेळके यांची 'धग' त्याच्या अगदी उलट दिशेची. १९६० ची कादंबरी, वऱ्हाडातल्या शिंपी कुटुंबाची. यातलं कोणी लांब कुठे जात नाही, लढाई नाही, राजा नाही. नवरा महादेव कामाला कायमचा ढिला, पुढे त्याला महारोग होतो, आणि कौतिक घर ओढत राहते. आमच्या ऑफिसातल्या एका बाईंनी ती अर्ध्यावर परत केली. "नुसतं दुःखच दुःख हो, आणि ती भाषाही कळत नाही." संवाद वऱ्हाडी आहेत हे खरं, पण थोडा धीर धरलात तर कान आपोआप बसतो. दुःखाबद्दल मात्र माझं त्यांच्याशी मुळीच जमलं नाही. कौतिकला रडत बसायला उसंतच कुठे आहे? आज चूल कशी पेटवायची एवढाच तिच्यापुढचा प्रश्न, आणि शेळके तो एका पानावरही विसरत नाहीत. गरिबीवर हळहळणारी पुस्तकं पुष्कळ आहेत, पण गरिबी रोजच्या रोज कशी निभावतात हे इतकं जवळून दाखवणारी फार थोडी.

'ते अंतराळातलं' म्हणजे सामंथा हार्वी यांची 'ऑर्बिटल', २०२४ चं बुकर मिळालेली. सहा अंतराळवीर, एकच दिवस, आणि त्या एका दिवसात पृथ्वीभोवती सोळा फेऱ्या. भाषा सुरेख, पण मला कंटाळा आला, खोटं कशाला बोलू! तिसऱ्या-चौथ्या सूर्योदयानंतर सगळे सूर्योदय सारखेच दिसायला लागतात. एकच गोष्ट मनात राहिली. त्यातल्या जपानी बाईची आई इकडे खाली वारते आणि हिला तर यायची सोय नाही. तेवढ्यापुरती ती कादंबरी एकदम जमिनीवर येते.

मग उतारा म्हणून जयंत नारळीकरांचं 'चार नगरांतले माझे विश्व' काढलं. वाराणसी, केंब्रिज, मुंबई आणि पुणे ही ती चार नगरं. नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत नारायण विनायक जगताप या नावानं कथा पाठवली होती. आपल्याच नावाची आद्याक्षरं उलटी केलेली. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती लिहून काढली पत्नीनं. बक्षीस अर्थातच पहिलं. नावावर मिळणारी सूट नको, हा त्यांचा हिशेब मला फार पटतो. पुण्याचा भाग, म्हणजे 'आयुका' या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या उभारणीचा, रुक्ष वाटतो असं पुष्कळांचं मत. मला तोच आवडला. संस्था कशी उभी राहते हे आपल्याकडे सांगतं कोण? सगळे एकदम उद्घाटनावरच येतात.

नंदा खरे यांची 'उद्या' अर्धी झालीय. माणसांवर सतत पाळत ठेवणारा उद्याचा काळ आहे तो. या कादंबरीला मिळालेला साहित्य अकादमी पुरस्कार खऱ्यांनी नाकारला होता. बाकी मत पूर्ण झाल्यावर.

राहिली 'रुचिरा'. स्वयंपाकाचं पुस्तक काय वाचायचं, असं म्हणणाऱ्यांनी एकदा कमलाबाई ओगल्यांची वाक्यं बघावीत. १९७० पासून कितीतरी नव्या सुनांनी आणि होस्टेलवरच्या मुलांनी त्यांच्यावर भिस्त ठेवलीय, कारण बाई 'अंदाजे' म्हणून हात झटकत नाहीत. वाटी आणि चमचा, दोन्ही कोणाच्याही घरात असतात. विशेषणं जवळजवळ नाहीतच. आमच्या काही कवींना सक्तीनं वाचायला द्यावं असं मला वाटतं.

एकच घ्यायचं असेल तर गोडसे भटजी घ्या, पण आवृत्ती बघून. १९०७ साली चिंतामणराव वैद्यांनी जे छापलं त्यात त्यांनी बराच हात फिरवलाय. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी काढलेली १९६६ ची आवृत्ती वेगळी. नवीन छपाई घेताना प्रस्तावना उघडून मजकूर यातल्या कुठल्या आवृत्तीचा आहे ते पाहून घ्या. जुनी प्रत वाचनालयात मिळते, फक्त शेवटची पानं जागेवर आहेत ना ते तिथेच तपासा.