मद्य न घेणाऱ्याचे यकृत

मालवणच्या आमच्या घरात कोणी मद्याला शिवत नाही. त्यामुळे गेल्या पावसाळ्यात दादाच्या सोनोग्राफीत यकृतावर चरबी निघाली, तेव्हा आईला ते खरेच वाटेना. यकृताच्या ५ टक्क्यांहून अधिक पेशींत चरबी साठली की हा आजार मानला जातो, आणि त्याच्या मुळाशी बहुधा इन्सुलिनला शरीराने पुरेशी दाद न देणे असते: पोटाच्या चरबीतून मेदाम्ले (चरबीचे घटक) सतत रक्तात उतरून यकृतात पोहोचतात, शिवाय जादा साखरेपासून यकृत स्वतःही चरबी तयार करते. म्हणूनच टाइप २ मधुमेह, वाढलेले ट्रायग्लिसराइड (रक्तातील एक प्रकारची चरबी) आणि उच्च रक्तदाब असलेल्यांना धोका अधिक.

दादा लठ्ठ दिसत नाही. परंतु भारतीय पुरुषांसाठी कमरेच्या घेराची मर्यादा ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांसाठी ८० मानतात. त्याचा घेर ९७ भरला. माशाच्या कढीला दोष देणे मला अन्यायाचे वाटते. ताटातला भाताचा डोंगर, साखरेच्या पाकातली सरबते आणि दुकानाच्या गल्ल्यावर बसून काढलेली वर्षे आधी पाहावीत. थायरॉइडची मंदता आणि आनुवंशिकता यांचाही वाटा असतो.

आईला मधुमेह आहे. तिची तपासणी आम्ही पुढच्या आठवड्यात करून घेत आहोत.