टेस्टिंगची कॅसेट

आमच्या आप्पांना इंग्रजी गाणी कधीच आवडली नाहीत. तरीही ऐंशीच्या दशकात वाईतला जो जो टेपरेकॉर्डर बिघडून आमच्या दुकानात आला, तो ‘क्वीन’ या इंग्लंडच्या बँडचं गाणं ऐकल्याशिवाय दुकानाची पायरी उतरला नाही. लग्नात आलेला टू-इन-वन असो, देवळातल्या काकडआरतीचा जुना टेप असो, नाहीतर कुणाच्या जावयाने दुबईहून आणलेला दोन कॅसेटींचा डेक असो. दुरुस्ती झाली की आप्पा ड्रॉवर उघडायचे, टीडीकेची नव्वद मिनिटांची एक कॅसेट काढायचे, खटकन बसवायचे आणि बटण दाबायचे. कॅसेटवर त्यांनी बॉलपेनने लिहून ठेवलं होतं, ‘टेस्टिंग. कुणालाही देऊ नये.’

कॅसेट खरी माझ्या आतेभावाची. दादा पुण्यात इंजिनिअरिंगला होता आणि होस्टेलवर कुणाकुणाच्या कॅसेटींवरून आपल्या आवडीची गाणी भरून घ्यायचा. एका दिवाळीत ही कॅसेट तो आमच्याकडे विसरला. त्याआधी आप्पा अभंगांची एक कॅसेट लावून बघायचे. पण अभंग ऐकायला उत्तम, तपासायला कुचकामी, असं त्यांचं मत होतं. ‘त्यात सगळं मधोमध असतं रे,’ म्हणायचे. तपासायला बारीक आवाज हवा, दणदणाट हवा, डावं-उजवं वेगळं हवं आणि मध्ये थोडी शांतताही हवी, म्हणजे मागची खरखर किती आहे ते कळतं. हे सगळं एकाच गाण्यात कोंबणारी माणसं कोण, कुठली, याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. उन्हाळ्यात दादा कॅसेट मागायला आला, तर त्याला नवी कोरी घेऊन दिली, पण ही सोडली नाही.

ते गाणं म्हणजे ‘बोहेमियन ऱ्हाप्सडी’. १९७५ सालचं, पाच मिनिटं पंचावन्न सेकंदांचं. आधी नुसते गळे, मग पियानो, मग गिटार, मग अचानक ऑपेरा, त्यानंतर धिंगाणा, आणि शेवटी सगळे दमून बसल्यावर राहिलेला पियानो. आप्पांनी त्याचे कामापुरते भाग पाडले होते. पियानोचा सूर लांबला की बेल्ट कळतो. बेल्ट सैल असेल तर सूर डुलायला लागतो. ऑपेऱ्यातले आवाज या स्पीकरमधून त्या स्पीकरमध्ये उड्या मारतात, तेव्हा कुठल्या बाजूची वायर सुटली आहे ते समजतं. धिंगाण्याला व्हॉल्यूम पूर्ण वर. स्पीकरचा कागद फाटला असेल तर तिथे फरफर होणारच. आणि बाससाठी ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’, ज्यात बँडमधल्या जॉन डीकनचा बास सुरू झाला की काउंटरवरच्या डबीतले स्क्रू थरथरायचे.

त्यामुळे मी हा बँड ऐकला तो तुकड्यातुकड्यांनी. सगळं ठीक निघालं की आप्पा निर्दयपणे स्टॉपचं बटण दाबत. अख्खं गाणं ऐकायला मिळायचं तर गिऱ्हाईक चिकित्सक असावं लागे. ‘अजून थोडं वाजवा, मघाशी कुरकुर आल्यासारखी वाटली,’ असं म्हणणारे एक निवृत्त मास्तर होते. त्यांचा टेप बिघडावा म्हणून मी मनातल्या मनात ढोल्या गणपतीला साकडं घालायचो.

शेजारच्या गल्लीतल्या चाची एकदा त्यांचा टेप न्यायला आल्या होत्या. ऑपेऱ्यात ‘बिस्मिल्ला’ आलं आणि त्यांनी चमकून विचारलं, ‘हे कोण म्हणतंय?’ आप्पा म्हणाले, ‘इंग्रज आहेत, चाची.’ चाचींनी पुन्हा लावायला सांगितलं, नीट ऐकलं आणि निकाल दिला, ‘हा इंग्रज नाही.’

चाचींचं म्हणणं बरोबर होतं, हे मला कळायला कॉलेज उजाडलं. क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी म्हणजे फारुख बलसारा, झांझिबारला १९४६ साली जन्मलेला पारशी मुलगा. घराणं मूळचं गुजरातेतल्या बलसाडचं, म्हणून बलसारा. आणि आठव्या वर्षी आई-वडिलांनी त्याला शिकायला धाडलं ते थेट पाचगणीला, सेंट पीटर्स शाळेत! आमच्या गावातून पसरणीचा घाट चढला की पाचगणी, फार तर बारा-तेरा किलोमीटर. तिथेच त्याचा फ्रेडी झाला, तिथेच त्याने शाळकरी मित्रांबरोबर ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला आणि त्यात तो पियानो वाजवायचा. १९६३ साली तो झांझिबारला परतला, पुढच्याच वर्षी तिथे क्रांती झाली आणि कुटुंब इंग्लंडला गेलं.

हे कळल्यावर काही दिवस मी हवेत होतो. पुण्याकडून पाचगणीला जायचं तर वाटेत वाई लागते, म्हणजे हा प्राणी आमच्या गावावरून गेलाच असणार, इथपर्यंत माझी गाडी गेली होती. नंतर ती उतरली. तो स्वतः मुलाखतींमधून या दिवसांबद्दल फारसं बोलतच नसे. हल्ली ‘फ्रेडी आपलाच’ म्हणून छाती फुगवणारे भेटतात तेव्हा मला जरा संकोच वाटतो. लहान पोराला समुद्रापलीकडे वसतिगृहात ठेवलं होतं. त्याला तेव्हा ‘आपलं’ काय वाटत असेल ते कुणी विचारलंय? वाईचा त्याच्याशी संबंध असलाच तर गाडी चहाला थांबली असेल एवढाच.

शाळेत मात्र आमचा संबंध ‘वी विल रॉक यू’शी. दोनदा धप्प आणि एक टाळी. मधल्या सुट्टीत बाकांवर आम्ही ते वाजवायचो आणि वर शब्द आपले घालायचो. त्यातले काही मुख्याध्यापकांबद्दल होते. नंतर वाचलं की त्या गाण्यात त्या ठेक्याला ड्रम नाहीतच. लंडनच्या वेसेक्स स्टुडिओत फळ्यांवर पाय आपटले, टाळ्या वाजवल्या आणि ते पुन्हा पुन्हा एकावर एक रेकॉर्ड केलं. बँडचा गिटारवाला ब्रायन मे भौतिकशास्त्राचा विद्यार्थी. त्याने प्रत्येक थराला थोडा थोडा उशीर असा मोजून दिला की चार-सहा माणसांचा मोठा जमाव वाटावा. आम्ही बाकांवर तेच करत होतो. फक्त आमच्यात उशीर आपोआप व्हायचा, कारण मागच्या बाकावरचे नेहमीच मागे पडायचे.

कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला शेवटी ‘वी आर द चॅम्पियन्स’ होतं. ते ऐन भरात येऊन ‘ऑफ द वर्ल्ड’ न म्हणताच अधांतरी थांबतं. आमच्या घरात सर्वांचं एकमत होतं की दादाची टेप तिथे संपली. आप्पांनी तर त्याला तोंडावर सुनावलं होतं, ‘भरताना मिनिटं मोजायची असतात.’ बिचारा दादा शपथेवर सांगायचा की मूळ गाणंच तसं आहे. ते खरंच तसं आहे. १९७७ च्या रेकॉर्डवर ते शब्द शेवटी येतच नाहीत. प्रत्यक्ष कार्यक्रमात फ्रेडी ते म्हणायचा, अगदी १९८५ साली लंडनमधल्या वेम्बलीच्या ‘लाइव्ह एड’ या मदतनिधीच्या कार्यक्रमातसुद्धा. पण दादाची बाजू घ्यायला वेम्बलीहून कोण येणार?

‘रेडिओ गा गा’ही त्याच बाजूला होतं. ड्रमर रॉजर टेलरने रेडिओवरच्या प्रेमाने लिहिलेलं, टीव्हीच्या गर्दीत तू हरवू नकोस म्हणून रेडिओला विनवणारं. हे गाणं आमच्या दुकानात टेपवर वाजायचं आणि फळीवर मर्फीचे, फिलिप्सचे रेडिओ धूळ खात पडलेले असायचे. गिऱ्हाइकं दुरुस्तीला टाकून जायची ती परत यायचीच नाहीत, कारण तोवर घरात टेप आलेला असायचा. आप्पांनी टेपची कामं शिकून घेतली, पण रेडिओ उघडताना त्यांचा चेहरा वेगळाच असे. व्हॉल्व्हचा जुना सेट कुणी आणला तर दुपारचं जेवण विसरत. टेपचं काम म्हणजे हेड पुसा, बेल्ट बदला, चला. ‘यात डोकं काय लागतं?’ असं म्हणत, आणि कापसाच्या बोळ्यावर हेडवरची तांबूस भुकटी आली की मला दाखवत, ‘हे बघ, गाणं झिजतंय.’

ही भुकटी मला नंतर एकदा वेगळ्याच ठिकाणी भेटली. ‘बोहेमियन ऱ्हाप्सडी’च्या ऑपेऱ्यात तिघांनीच गाऊन गाऊन, एकावर एक थर चढवून तो अख्खा कोरस उभा केला. टेप यंत्रावरून इतक्यांदा फिरली की तिच्यावरचा थर झिजून आरपार उजेड दिसायला लागला, असं ब्रायन मे सांगतो. हे वाचल्यावर पहिली आठवण आप्पांची आली. त्यांनी त्या माणसांना काय झापलं असतं!

आणि मग मला त्या बँडची अशी एक बाजू सापडली की गाण्यांपेक्षा तीच जास्त जवळची वाटायला लागली. बाहेरून सगळा राजेशाही थाट, मुकुट, झगे. आत मात्र सगळं घरी जुळवलेलं. जॉन डीकनला रस्त्यावरच्या कचऱ्याच्या पेटीत एक सर्किट सापडलं, ते त्याने स्पीकरच्या पेटीत घालून नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालवलं, आणि ब्रायन मेने त्या डब्यातून गिटार वाजवून वाद्यवृंदच काढला. खुद्द ब्रायनची गिटार तर त्याने आणि त्याच्या वडिलांनी घरी बनवलेली. १९६३ साली सुरू केली, दोन वर्षं लागली, खर्च आठ पौंड. मानेचं लाकूड एका जुन्या शेकोटीच्या चौकटीचं, त्यातली किड्यांची भोकं काडेपेटीच्या काड्यांनी बुजवलेली. दांड्यावरच्या खुणा आईच्या शिवणाच्या डब्यातल्या बटणांच्या. सूर डोलवायच्या दांडीला आईची विणकामाची सुई, आणि त्याच्या स्प्रिंगा जुन्या मोटरसायकलच्या. याच गिटारीवर त्याने आयुष्यभर वाजवलं, तेही सहा पेनीच्या नाण्याने. पुढे पोरगा पीएच.डी. अर्धवट टाकून बँडच्या मागे लागला तेव्हा याच वडिलांनी नाराजी धरली, ही गोष्ट निराळी. ती पीएच.डी. त्याने २००७ साली पूर्ण केली.

आप्पा आता ऐंशीच्या पुढे आहेत. दुकान कधीच बंद झालं. मध्यंतरी मी त्यांना मोबाइलवर त्या गिटारीचा एक व्हिडिओ दाखवला.

‘तुमच्या टेस्टिंगच्या कॅसेटमधला माणूस आहे, आप्पा.’

‘असेल. लाकूड कसलं आहे?’

सांगितलं. शेकोटीच्या चौकटीचं ऐकून मान हलली. स्प्रिंगांचं ऐकून, ‘इंजिनच्या व्हॉल्व्हच्या असणार,’ म्हणाले, आणि बरोबर होतं. मग विचारलं, ‘कॉइल घरीच गुंडाळली?’

म्हटलं, तारांचा आवाज उचलणारी कॉइल आधी घरी केली होती, मग विकत आणलेल्या बसवल्या. पण मोठ्या आवाजात त्या किंचाळायच्या.

‘किंचाळणारच. आतले वेढे हलत असणार. पक्कं काहीतरी भरायला पाहिजे आत.’

‘भरलं ना त्याने. अ‍ॅराल्डाइट.’

आप्पांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

‘दोन ट्यूबवालं? आपण लावायचो तेच?’

‘तेच.’

‘मग काय बघायचंय,’ आप्पा म्हणाले, ‘शहाणा माणूस दिसतोय. जरा आवाज वाढव त्याचा.’