स्मोकीजमधला वसंत: गुडघ्यांना झेपतील अशा वाटा

एप्रिलच्या मध्याला अमेरिकेत टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलायना या राज्यांत पसरलेल्या ग्रेट स्मोकी माउंटन्स राष्ट्रीय उद्यानात जाऊन आलो. सोबत आई होती आणि तिचे गुडघे कुरकुरतात, त्यामुळे मोठे चढ आधीच बाद केले होते. त्याने काही बिघडलं नाही. या दिवसांत इथलं बघण्यासारखं शिखरांवर नसतंच, ते खाली ओढ्याकाठी, अगदी पायाशी असतं.

झाडांना पालवी फुटेपर्यंतच जंगलाच्या जमिनीवर भरपूर ऊन पोचतं. तेवढ्या काही आठवड्यांत इथली छोटी रानफुलं उगवतात, फुलतात, बी धरतात आणि वर पानांचं छत दाटलं की दिसेनाशी होतात. शिवाय उद्यानाची उंची साधारण ८७५ फुटांपासून ६,६४३ फुटांपर्यंत आहे. वसंत इथे एकदम येत नाही, खालून वर चढत जातो. आम्ही सकाळी पायथ्याशी अर्ध्या बाह्यांच्या शर्टात फिरलो आणि त्याच दुपारी कुवोही या इथल्या सर्वांत उंच शिखरावर (२०२४ पर्यंत याला क्लिंगमन्स डोम म्हणत) जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढली. म्हणून वाट निवडताना अंतराआधी उंची बघा. एप्रिलमध्ये खालच्या वाटा, मे महिन्यात जरा वरच्या.

वेळ एकाच वाटेपुरता असेल तर डोळे मिटून पोर्टर्स क्रीकला जा. ग्रीनब्रायरकडून आत शिरल्यावर रस्ता पुढे कच्चा आणि अरुंद होतो, शेवटी गाड्या लावायला जागा बेताचीच. आठच्या आत पोचलात तर निवांत. पहिला मैलभर रुंद, खडीची जुनी वाट आहे. उद्यान होण्याआधी इथे वस्ती होती, तिच्या दगडी बांधांवर आता शेवाळ चढलंय. थोडी वाकडी वाट केली की एक जुना लाकडी गोठाही बघता येतो. त्यानंतर ओढ्यावर एका ओंडक्याचा पूल लागतो, कठडा एकाच बाजूला. आईने तो आडवी होत, दोन्ही हातांनी कठडा धरून पार केला. पाऊस पडून गेला असेल तर लाकूड निसरडं होतं, काठी बरोबर असू द्या.

आणि पूल ओलांडला की फुलं! दोन्ही बाजूंचा उतार फ्रिंज्ड फॅसिलिया या इवल्या रानफुलांनी पांढरा झालेला. "अगं, कुणी लाह्या उधळल्यात का इथे?" आई म्हणाली. खाली बसून बघा, पाकळीची कड बारीक कातरलेली दिसते. मधूनमधून ट्रिलियम: तीन पानं, तीन पाकळ्या, हिशेब चोख. याचं बी मुंग्या ओढून नेतात, बियांना चिकटलेल्या खाऊसाठी, आणि बी रुजल्यापासून पहिलं फूल यायला सात-आठ वर्षंही लागू शकतात. त्यामुळे फोटोसाठी वाट सोडून फुलांत शिरणारे बघून माझं डोकं फिरतं. फूल तोडणं तर कायद्यानेच बंद आहे. फर्न ब्रँच धबधब्यापर्यंत जाऊन-येऊन चार मैल होतात. फुलं पाहायची म्हटल्यावर अर्धा दिवस हाताशी ठेवा.

एल्कमाँटची लिटल रिव्हर ट्रेल याहून सोपी. लाकूडतोड कंपनीच्या जुन्या रेल्वेमार्गावरून जाते, म्हणून चढ जेमतेम जाणवतो. नदी सतत सोबत असते. वाटेल तिथून मागे फिरा. नदीतल्या खडकांवर मात्र उड्या मारायला जाऊ नका, पाणी गार आणि जोरदार असतं.

नॉर्थ कॅरोलायनाच्या बाजूने येणार असाल तर ओकोनालुफ्ती रिव्हर ट्रेल: दीड मैल, जवळपास सपाट, इथल्या मूळ रहिवासी चेरोकी लोकांच्या कथांचे चेरोकी आणि इंग्रजीतले फलक लावलेले. पायवाटांवर कुत्रा नेता येतो तो फक्त इथे आणि गॅटलिनबर्ग ट्रेलवर. जवळच्या कुरणात सकाळ-संध्याकाळ एल्क (मोठ्या जातीची हरणं) चरताना दिसू शकतात. एल्क असो वा अस्वल, निदान १५० फूट लांब राहायचं, तसा नियमच आहे. अस्वलं वसंतात नुकतीच बाहेर पडलेली असतात, तेव्हा खाऊची पिशवी बाकावर ठेवून फोटो काढत फिरू नका.

आता पैशांचं. प्रवेश फुकट आहे, पण १ मार्च २०२३ पासून १५ मिनिटांपेक्षा जास्त गाडी उभी करायची तर पार्किंग टॅग लागतो: दिवसाला ५ डॉलर, आठवड्याला १५, वर्षाला ४०. तो छापील हवा, मोबाइलमधला चालत नाही. राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास असला तरी हा वेगळा घ्यावाच लागतो. आत पेट्रोल मिळत नाही आणि बहुतेक ठिकाणी मोबाइलला रेंज नसते, नकाशा आधीच उतरवून घ्या. कुवोहीचा रस्ता १ एप्रिलला उघडतो, पण वर एप्रिलमध्येही बर्फ पडू शकतो. निघायच्या दिवशी उद्यानाच्या संकेतस्थळावर कोणते रस्ते आणि वाटा बंद आहेत ते बघाच. बहुतेक यादीत पहिली असणारी लॉरेल फॉल्सची वाट जानेवारी २०२५ मध्ये दुरुस्तीसाठी बंद झाली होती.

केड्स कोव्ह ही उद्यानातली प्रसिद्ध दरी आम्ही गाळली. ११ मैलांचा एकेरी रस्ता, आणि पुढच्याला अस्वल दिसलं की मागची सगळी रांग ठप्प. मे ते सप्टेंबरात बुधवारी तिथे गाड्यांना बंदी असते, तेव्हा सायकल घेऊन जा.