२६१ दिवसांचा हिशेब

कंत्राटावर साडेतीन वर्षं झाली तेव्हा साहेबांनी बोलावून सांगितलं, "तुम्हाला कायम करायचं ठरलंय. पगार आत्तापेक्षा कमी बसेल, पण काळजी मिटेल." मी लगेच हो म्हणणार होते. दर सहा महिन्यांनी मुदतवाढीच्या कागदाची वाट बघितलेल्या माणसाला ‘कायम’ हा शब्द इतका मोठा वाटतो की पुढचा आकडा नीट ऐकूच येत नाही. तरी तोंडून निघालं, "दोन दिवस द्या, सर."

घरी येऊन पहिलं गणित केलं तेच चुकलं. वर्षातले शनिवार-रविवार वगळले की २६१ दिवस उरतात. त्यांना माझ्या रोजच्या दराने गुणलं, तर ऑफर त्या रकमेच्या ६० टक्केच होती. इतका राग आला की त्या रात्री नकार लिहायलाच बसले होते.

सकाळी बिलांची फाइल काढली. गेल्या वर्षी मी बिल लावलेले दिवस होते २१२. बाकीचे ४९ कुठे गेले ते एकेक करून लिहिलं: सणा-सुट्ट्यांचे ११, माझ्या आजारपणाचे ९, घरच्या कामांसाठी घेतलेले १४, आणि दोन कंत्राटांच्या मध्ये कुणाची तरी सही अडकली म्हणून रिकामी बसले ते १५. त्या १५ दिवसांची आठवण अजून नकोशी वाटते. रोज फोन करायचा आणि "फाइल वर गेलीय" एवढंच ऐकायचं. शिवाय आरोग्य विमा, हिशेब बघणाऱ्याची फी, लॅपटॉपची दुरुस्ती आणि एक कोर्स, या सगळ्यात आणखी १७ दिवसांची कमाई गेली होती. उरले १९५. म्हणजे माझी खरी मिळकत त्या मोठ्या आकड्याच्या पाऊणपट होती. पूर्ण दर मागणं चूक होतं, तसंच ६० टक्क्यांवर सही करणंही.

दुसरी गोष्ट एजन्सीची, जिच्यामार्फत मी कंत्राटावर होते. कंपनी माझ्यासाठी जे मोजत होती त्यात एजन्सीचं कमिशन होतं, आणि मी कायम झाले की ते थांबणार होतं. एचआरच्या बाई म्हणणार हे माहीत होतं, आणि त्या म्हणाल्याही, की "तुम्हाला घेतलं तर एजन्सीला शुल्क द्यावं लागतं." अशी अट बऱ्याच करारांत असते. पण मी आदल्या दिवशीच एजन्सीला विचारलं होतं. आमच्या करारात त्या अटीची मुदत संपलेली होती. तसं सांगितल्यावर त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही.

मी ८० टक्के मागितले. ७५ माझा हिशेब, आणि वरचे ५ नवीन माणूस शोधून शिकवण्याचा त्यांचा वाचणारा वेळ. कागद पुढे ठेवला आणि गप्प बसले. ते गप्प बसणं फार जड गेलं. चार दिवसांनी ७२ आले, पण त्यातले ८ कामगिरीवर अवलंबून. म्हणजे हमखास ६४च. मी विचारलं, "मागच्या वर्षी हा भाग किती जणांना पूर्ण मिळाला?" उत्तर आलं नाही. शेवटी ७२ पूर्ण निश्चित पगारात धरले आणि प्रोबेशनही काढलं. साडेतीन वर्षं ज्यांच्याकडे काम केलं त्यांनी मला पुन्हा पारखायचं कारणच नव्हतं.

आधीची वर्षं सेवेत धरायला मात्र त्यांनी ठाम नकार दिला. ते मला आजही पटत नाही. सहा महिन्यांनी पगाराचा फेरविचार होईल असं साहेब तोंडी म्हणाले होते. ते ऑफर लेटरमध्ये येईपर्यंत मी सही केली नाही. त्यात आठ दिवस गेले.

एका गोष्टीवर बोलायचं राहूनच गेलं. कंत्राटात नोटीस १५ दिवसांची होती, आता ३ महिन्यांची आहे. फेरविचाराची तारीख पुढच्या महिन्यात आहे, आणि माझ्या यादीत नोटिशीचा मुद्दा पहिल्या ओळीवर लिहिला आहे.