कट मारायचा नाही

मी सावद्याचा. बारा वर्षं केळीची गाडी चालवली. रावेर, सावदा, फैजपूरच्या मळ्यांत सकाळी घड कापले जायचे, संध्याकाळपर्यंत गाडी भरायची आणि लगेच दिल्लीचा रस्ता धरायचा. बऱ्हाणपूर, इंदूर, ग्वाल्हेर, आग्रा. हजार किलोमीटरच्या वरचं अंतर आणि माल कच्चा. पोचायला उशीर झाला की घड गाडीतच पिवळा पडायला लागतो आणि मंडीतला व्यापारी भाव पाडतो. म्हणून झोप टाळायची, जेवण लांबवायचं आणि पुढची गाडी रेंगाळली की कट मारून निघायचं. आमच्यात चांगला ड्रायव्हर तोच, ज्याचा हात कट मारायला चुकत नाही.

एकदा इंदूरच्या अलीकडे माझी गाडी पलटी झाली. मला खरचटलंसुद्धा नाही. आजूबाजूच्या वाड्यांतली माणसं पाट्या, गोण्या घेऊन आली. माल तर गेलाच होता. मी म्हटलं, घेऊन जा बाबांनो, निदान लेकरं खातील. रस्त्याकडेला बसून मी ते बघत होतो आणि मला वाईट वाटत नव्हतं. हे मुद्दाम सांगतोय, कारण नंतर भडगावच्या अलीकडे उभा असताना मला तीच माणसं आठवली.

मुलगी शाळेत जायला लागली तेव्हा रोज घरी येता येईल असं काम शोधलं. आधी दुधाचा टँकर मिळाला. शीतकरण केंद्रातून दूध उचलायचं आणि डेअरीला पोचवायचं. पहिल्याच आठवड्यात अर्ध्या भरलेल्या टाकीवर मी नेहमीसारखा ब्रेक मारला. गाडी थांबली आणि क्षणभराने पुढे ढकलली गेली. आतलं दूध मागून येऊन टाकीच्या भिंतीवर आदळलं होतं. पेट्रोलच्या टाकीत कप्पे असतात, आडवे पत्रे असतात, त्यामुळे लाट अडते. दुधाची टाकी आतून धुवावी लागते, म्हणून ती बऱ्याचदा मोकळीच ठेवतात. शेजारी बसलेले वस्ताद एवढंच म्हणाले, "केळी गाडीसोबत थांबतात. दूध नंतर थांबतं."

वळणावर तर याहून वाईट. टाकी गोल, वजन उंचावर आणि माल बाहेरच्या बाजूला धावतो. स्टेअरिंग झटक्यात फिरवलं, की गाडी तुमची राहत नाही. वस्तादांनी मला चार महिने एकच गोष्ट घोकून घ्यायला लावली : समोर काही आडवं आलं तर सरळ रेषेत ब्रेक दाबायचा, कट मारायचा नाही. डोक्याला हे एका दिवसात पटतं. हाताला पटायला वेळ लागतो. माझ्या हाताला जवळपास वर्ष लागलं.

दुधानंतर मी पेट्रोलच्या टँकरकडे वळलो. त्या गाडीसाठी लायसन्सवर धोकादायक मालाची वेगळी नोंद लागते. तिच्यासाठी तीन दिवसांचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. हे लायसन्स तीन वर्षंच चालतं, इतर मालवाहू गाड्यांचं पाच वर्षं. एक भारतीय भाषा आणि इंग्रजी लिहिता-वाचता यावी असा नियम आहे. आमच्या वर्गातल्या काही जणांना तो जाच वाटला, मला मात्र तो पूर्ण पटतो. टाकीच्या पाठीवर जी पाटी असते, तिच्यावर पेट्रोलला 1203 आणि गॅसला 1075 असे आकडे असतात. मागून येणाऱ्या अग्निशमनच्या माणसाला त्या आकड्यांवरूनच कळतं की आत काय आहे. आपण काय वाहतोय हे ज्याला वाचता येत नाही, त्याने ते वाहू नये.

त्या वर्गात सरांनी पाकिस्तानातल्या बहावलपूरजवळची घटना सांगितली. 25 जून 2017. पेट्रोलचा टँकर उलटला, गावकरी भांडी घेऊन धावले, पेट्रोल भरत असतानाच आग लागली आणि दोनशेहून जास्त माणसं मेली. वर्ग गप्प झाला. मला इंदूरच्या पाट्या आठवल्या.

पानेवाडीच्या पेट्रोल डेपोतून माल उचलायला लागून दीड वर्ष झालं होतं. मनमाडजवळच्या या डेपोंवर आपल्या खानदेशातले किती पंप चालतात, हे पंपावर रांग लागल्याशिवाय कुणाला आठवत नाही. तिथली शिस्त वेगळीच. मोबाइल, काडेपेटी गेटवर जमा. सायलेन्सरला ठिणगी अडवणारी जाळी आहे का, ते बघतात. गाडी गॅन्ट्रीखाली, म्हणजे माल भरायच्या सांगाड्याखाली, लागली की आधी अर्थिंगची क्लिप, मग बाकी सगळं, कारण वाहतं पेट्रोल स्वतःच वीज साठवतं.

मे महिना होता. माझ्या गाडीत पाचोऱ्याच्या पंपाचा माल, वीस हजार लिटर. नांदगाव, चाळीसगाव मागे टाकून भडगावकडे निघालो होतो. सकाळचे अकरा वाजले असतील. पुढे गाड्या थांबलेल्या दिसल्या आणि त्यांच्या पलीकडे पांढरी टाकी आडवी पडलेली. मी काच खाली केली. वास लगेच आला नाही, कारण वारा माझ्या पाठीमागून होता. गाडी आणखी पुढे न नेता तिथेच कडेला घेतली. तीनशे मीटर तरी अंतर असेल. आधी 112 ला आणि मग 108 ला फोन केला. मालकाला कळवलं. फोन केबिनमध्ये ठेवला, मेन स्विच बंद केला. क्लीनरला त्रिकोण देऊन मागे पाठवलं आणि बजावलं, एकही गाडी पुढे सोडू नको. मग चालत निघालो.

टाकीच्या वरच्या झाकणातून पेट्रोल झिरपत होतं आणि रस्त्याच्या उतारावरून नाल्यात उतरत होतं. नाल्यापलीकडे गाव. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती वर जात नाही. पाण्यासारखी सखल जागा शोधत सरकते आणि दूर कुठेतरी चूल पेटलेली असली तर तिथून आग उलटी धावत येते. वारा गावाकडेच होता.

आणि नाल्यात माणसं होती. चाळीस तरी असतील. कॅन, बादल्या, घमेली, हंडे. बायका होत्या, लहान पोरं होती. एक पोरगा डब्याने ओंजळभर पेट्रोल भरत होता आणि हसत होता.

मी ओरडलो, "मागे व्हा! हे पेटेल!" कुणी मान वर केली नाही. एकजण म्हणाला, "भाऊ, वाया जाई राहिनं, तर आम्ही लई जातस." यात त्याचं काय चुकलं? इंदूरला मीच तर घेऊन जा म्हटलं होतं. त्याला हा माल केळीसारखाच वाटत होता.

तेवढ्यात मोटारसायकलवर दोन कॅन बांधून एक तरुण किक मारायच्या बेतात होता. मी धावत जाऊन किल्ली काढून घेतली. त्याने माझी कॉलर धरली. मी त्याला एवढंच म्हणालो, तू मार मला, पण गाडी ढकलत ने. माझा आवाज थरथरत होता. त्याने कॉलर सोडली आणि खरंच गाडी ढकलत नेली. का ऐकलं, माहीत नाही.

माझ्या एकट्याने हे होणार नव्हतं. बांधावर उभ्या पोराला मी पोलीस पाटलाकडे पिटाळलं. पाटील शहाणा माणूस. तो नाल्यात आला नाही, देवळाच्या भोंग्यावर गेला. चुली विझवा, बिडी-काडी पेटवू नका, आपली पोरं नाल्यातून आणा, असं त्याने अहिराणीत सांगितलं. पुरुष हलले नाहीत. पण गावातल्या आया धावत आल्या आणि आपापल्या पोरांना बखोटीला धरून ओढत घेऊन गेल्या. पोरं गेली तशी गर्दी फुटली. मग पोलीस आले, आणि थोड्या वेळाने अग्निशमनची गाडी. त्यांनी फेसाचा थर पसरला, तेव्हा कुठे मला घाम आल्याचं कळलं.

उलटलेल्या गाडीचा ड्रायव्हर निंबाखाली बसला होता. शेतकऱ्यांनी त्याला बाहेर काढलं होतं, पाय मोडला होता. वय पंचविशीचं. सहा महिन्यांपूर्वीपर्यंत तो कापसाच्या गाठी वाहायचा. अँब्युलन्समध्ये चढवताना तो मला म्हणाला, "काका, मोटारसायकलवाला आडवा आला. मी कट मारला." गाठी दोरखंडाने बांधलेल्या असतात, त्या कट सहन करतात. तो कोणाचा जीव वाचवायला वळला होता आणि तो जीव वाचलाही. त्याला रागवायला माझ्याकडे काही नव्हतं. मला त्याच्या वस्तादाचा राग आला. त्याच्या शेजारी चार महिने कुणी बसलं असतं, तर हातातली ती जुनी सवय गेली असती. कागद तीन दिवसांत मिळतो. घाई असली की कागदावरच गाडी हातात देतात. भरलेल्या टँकरवर नव्या माणसाला एकटं सोडू नये, हे मी त्या दिवसापासून भेटेल त्या मालकाला सांगतो.

दुसरा रिकामा टँकर आला, उरलेला माल त्यात घेतला, क्रेनने गाडी उभी केली. रात्र झाली. निघायच्या वेळी एक बाई अंधारातून आली. नाल्यात तिचा पितळी हंडा राहिला होता, लग्नातला, काठावर ठिपक्यांनी तिच्या आईचं नाव कोरलेलं. अग्निशमनवाले उद्या या म्हणत होते. मी त्यांना विनंती केली. त्यांनी हंडा रिकामा करून घेतला आणि मोकळ्या बांधावर पालथा ठेवला. बाईला मी सांगितलं, ताई, आज घरात नेऊ नका. दुपारपर्यंत उन्हात राहू द्या. चुलीजवळ तर अजिबात नाही.

पाचोऱ्याला रात्र काढली, सकाळी माल उतरवला आणि परत निघालो. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त जपावी लागते, तिच्यात नुसती वाफ असते. म्हणून गावाच्या बरीच अलीकडे, मोकळ्यावर गाडी लावली आणि चालत बांधापर्यंत गेलो. दोन वाजले होते. हंडा तिथेच होता, पालथा, उन्हाने चांगलाच तापलेला. ती बाई शेजारच्या निंबाखाली राखणीला बसली होती.

"आते लई जाऊ का, भाऊ?" तिने विचारलं.

मी हंडा उचलून वास घेतला आणि तिच्या हातात दिला.