मारिया, हुआना आणि भांग

दुपारचे जेवण झाल्यावर वर्तमानपत्र चाळता चाळता डुलकी लागावी, हा ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या घरातला माझा जुना शिरस्ता. परवा तो एकाच पानावरील दोन बातम्यांनी मोडला. वर अमेरिकेतील ‘मारिजुआना’च्या व्यापाराविषयी ऐसपैस मजकूर होता आणि खाली कोपऱ्यात, ‘गांजा’ बाळगणाऱ्या दोघांच्या अटकेच्या चार ओळी. झाड तेच, एकीकडे व्यापारी, दुसरीकडे आरोपी.

झोप गेलीच होती, म्हणून कोश काढले. मेक्सिकोतील स्पॅनिशमधून हा शब्द इंग्रजीत शिरला आणि स्पॅनिशमध्ये त्यातील ‘ज’ हा ‘ह’सारखा उच्चारतात, म्हणजे आपण छापतो तो उच्चार मुळातला नव्हेच. १९३७ साली अमेरिकेने या झाडावर कर बसवणारा कायदा केला, तेव्हा त्याच्या नावातही ‘ह’च होता. मारिया आणि हुआना या दोन बायकांच्या नावांवरून शब्द झाला, असे सांगतात. कोशकारांना ते पटत नाही, पण खरे मूळ कोणते यावर त्यांचेही एकमत नाही. मला मात्र ही कथा सोडवत नाही. एखाद्या नशेला आपल्याकडे कोणी ‘गंगूयमू’ म्हटले असते, तर तिची निम्मी दहशत तिथेच संपली असती.

आपला गांजा संस्कृत ‘गञ्जा’पासून आला, आणि १८४५ पासून जमैकात उसाच्या मळ्यांवर नेलेल्या भारतीय मजुरांबरोबर तो समुद्रापार गेला. तिथे आजही त्याला गांजाच म्हणतात. भांग तर त्याहून जुनी, थेट अथर्ववेदात उल्लेख असलेली. १९८५ च्या केंद्रीय कायद्याने गांजाच्या व्याख्येत झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे घेतले आणि शेंड्यांविना असलेली पाने वगळली; त्यामुळे एकाच झाडाचा शेंडा गुन्हेगार आणि पान सुटलेले. ‘तुळशीत भांग आणि भांगेत तुळस’ म्हणणाऱ्यांना याचे नवल वाटू नये. शिवाय मराठीत भांग केसांतही असतो आणि खाडीवरही: अष्टमीच्या सुमारास पाण्याचा जोर ओसरतो, तेव्हाची भरती ती भांगाची भरती.

लहानपणी आमच्या घरात यांतले केसांचे आणि खाडीचे भांग मोकळेपणाने बोलले जात. गांजा हा शब्द मात्र मी घरात कधीच ऐकला नाही. मासुंदा तलावाच्या काठी, कोपिनेश्वराच्या देवळाच्या बाजूला, एक बुवा चिलीम घेऊन बसत. त्यांच्याविषयी आई एवढेच म्हणे, “ते ओढतात.” काय ओढतात, ते वाक्यात कधी आले नाही, कर्म नसलेले ते क्रियापद मला इतके पुरेसे वाटे, की विहिरीचे पाणी ओढणाऱ्या शेजारच्या काकूंकडेही मी काही दिवस संशयाने पाहत होतो. बुवा मला पाहून हसत आणि चिलीम धोतराच्या सोग्याखाली लपवत. त्यांना कोणी सांगितले असेल, की मुलासमोर लपवायचे असते?

एका पावसाळ्यानंतर ती जागा रिकामी दिसली. शाळेत जाण्याआधी आई माझा भांग पाडत होती, तेव्हा मी विचारले, “बुवा कुठे गेले?” कंगवा क्षणभर थांबला. मग तिने केस विस्कटले आणि भांग पुन्हा पहिल्यापासून पाडायला घेतला.