पणजोबांचा पंचनामा

घर १२ बाय १४ फुटांचं, गवताच्या मुळांसकट कापलेल्या मातीच्या ढेपा रचून बांधलेलं. दार एक, खिडकी एक. विहीर एक, बैलजोडी एक, नांगरट १८ एकर. खाली दोन शेजाऱ्यांचे जबाब: हा माणूस बायकोमुलांसह इथेच राहतो, जमीन स्वतः कसतो, आम्ही डोळ्यांनी पाहिलंय. सन १८७७.

आमच्या शेजारच्या आजींच्या पणजोबांचे हे कागद, अमेरिकेच्या नॅशनल आर्काइव्ह्जकडून, म्हणजे राष्ट्रीय दप्तरखान्याकडून आलेले. मी त्याला पंचनामाच म्हणते. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने १६० एकर मिळायचे ते जवळजवळ फुकट. सगळी मिळून फी १८ डॉलर. पण पाच वर्षं जमिनीवर राहून ती कसल्याचं पंचांच्या साक्षीने सिद्ध करावं लागे. त्यामुळे एका गरीब शेतकऱ्याची पाच वर्षं सरकारी दप्तरात उतरली. आमच्या सातबाऱ्यावर नाव येतं, क्षेत्र येतं, पीकपाणीही येतं. पण घराला खिडक्या किती, हे कोणत्या तलाठ्याने लिहिलंय?

आजी आधी न्यूयॉर्क बंदरातल्या एलिस आयलंड या स्थलांतरितांच्या ठाण्याच्या याद्या धुंडाळत होत्या. तिथे काही मिळणारच नव्हतं, कारण ते ठाणं १८९२ साली उघडलं आणि पणजोबा १८६९ ला नॉर्वेहून आले. त्या काळचे बरेच नॉर्वेजियन कॅनडातल्या क्वेबेकला उतरत. नॉर्वेची राजधानी ओस्लो तेव्हा क्रिस्तियानिया होती. तिथल्या पोलिसांनी १८६७ पासून देश सोडणाऱ्यांची वही ठेवली होती. त्यात पणजोबा सापडले: नाव, वय, कुठे निघाले. पुढे बोटीने इंग्लंडमधलं हल, रेल्वेने लिव्हरपूल, अटलांटिक ओलांडून क्वेबेक, मग शिकागोमार्गे अमेरिकेतलं मिनेसोटा राज्य.

मोठी अडचण आडनावाची होती. तिकडे वडिलांच्या नावाला ‘सेन’ लावायचे आणि पुढे राहत्या शेताचं नाव. शेत बदललं की नाव बदललं. आजी वैतागल्या होत्या, मला मात्र ते पटकन उमगलं. मधे वडिलांचं नाव आणि शेवटी गाव, हे आम्हाला कोणी शिकवावं लागत नाही.

शेताचं नाव कळल्यावर नॉर्वेची १८६५ ची जनगणना उघडली. ती घरबसल्या, फुकट वाचता येते आणि तिच्यात जनावरं आणि पेरलेलं बियाणंसुद्धा मोजलंय. गुडब्रान्सडालमधलं घर: गाय एक, मेंढ्या चार, थोडे सातू, थोडे बटाटे. जमीन मालकाची. तिच्या कडेला खोपट, आणि बदल्यात मालकाच्या शेतावर राबणं. कूळ कायद्याआधी माझे पणजोबा माण तालुक्यात दुसऱ्याचं रान वाट्याने करायचे, म्हणून हे वाचताना मला गलबलून आलं.

वंशावळीच्या एका बैठकीत एक गृहस्थ मला म्हणाले, ‘तुमच्याकडे असल्या नोंदी नसणारच.’ ते मला फार लागलं. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांमध्ये पिढ्यान्‌पिढ्यांची नावं आहेत, यात्रेला आलेल्यांच्या हातची. लोकांनी घराण्यांचे कुलवृत्तांत छापले आहेत. मी हे सगळं त्यांना तिथल्या तिथे सांगितलं. पण घरी आल्यावर कबूल करावं लागतं: माझे आजोबा दुष्काळात माण सोडून मुंबईला गिरणीत गेले, त्याचा एक कागद आमच्याकडे नाही. कोणत्या साली, कोणाबरोबर, कोणाच्या खोलीवर उतरले, सगळं ऐकीव.

आजींच्या पणजोबांच्या या फायलीतही सगळं आहे असं नाही. १८७३ ते ७७ टोळांनी मिनेसोटातली पिकं फस्त केली. १८७७ च्या एप्रिलमध्ये गव्हर्नर पिल्सबरींनी राज्यभर प्रार्थनेचा दिवस पाळायला लावला. पणजोबांच्या जबाबात टोळांमुळे काही महिने मजुरीला बाहेर गेल्याची नोंद आहे. पण ही भूमी डकोटा या मूळनिवासी लोकांची होती, १८५१ च्या तहाने त्यांच्याकडून घेतली आणि १८६२ च्या युद्धानंतर त्यांना राज्याबाहेर हाकललं, याचा उल्लेख एकाही पानावर नाही. पंचांना ते विचारलंच नव्हतं. आजींनी कागद तिथेच मिटले, आणि मीही पुढे काही बोलले नाही.

नंतर नॉर्वेची १८७५ ची जनगणना निघाली. त्याच खोपटात पणजोबांचे आईवडील, दोघंच. धाकटे दोन्ही भाऊ पणजोबांनी पाठवलेल्या तिकिटांवर इकडे आले होते. आजींच्या सूनबाई म्हणाल्या, ‘म्हाताऱ्यांना असं टाकून गेले?’ मी एकदम त्या तिघा भावांच्या बाजूने भांडायला लागले. मागे राहून त्यांनी काय कसलं असतं? मालकाच्या रानात आणखी दोन हात राबले असते, एवढंच. तिकीट पाठवणारा माणूस घर विसरलेला नसतो. मुलाने पाठवलेल्या पैशावर म्हातारपण निघतं, हे आमच्या गावातल्या निम्म्या घरांना ठाऊक आहे, आणि दर दिवाळीला ‘गाव सोडलंस’ म्हणून सुनावणाऱ्या माझ्या काकांनाही.

आता मी त्र्यंबकला पत्र टाकलंय आणि भावाला तहसील कचेरीतून जुने फेरफार काढायला सांगितलंय. काकांकडून आजोबांच्या मुंबईच्या चाळीचं नाव तेवढं हवंय. ते फोनवर सांगत नाहीत, म्हणतात समोर येऊन विचार.